साडेसहा किलो झाडं

४ फेब्रुवारी

ती. बाबांच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

बाबा, दुकानाला पहिलं गिऱ्हाईक मिळालं. फोनवर सांगायचं तर मला इतकं ओरडावं लागतं की शेजारीण काळजीने दार वाजवते, म्हणून पत्र.

दिवाळखोर ऑफिसाने घरी बसवल्यापासून मी जे इंटरनेटवरचं जुन्या पुस्तकांचं दुकान मांडलंय, त्यात तुमच्या मागच्या खोलीतल्या कपाटाचे फोटो टाकले होते ना? त्यातलं सगळ्यात देखणं पुस्तक गेलं. तेच, झाडांचं जाडजूड, हिरव्या कातडी पाठीचं. ‘संपूर्ण हाताने शिवलेलं’ असं मी खाली लिहिलं होतं, त्यावरच घेणाऱ्या बाई भाळल्या. त्यांची रोपवाटिका आहे. पैसेही भरून टाकले. त्यांचा पत्ता पत्राच्या मागे लिहिलाय.

आता माझा गाढवपणा ऐका. टपालखर्च मी अंदाजाने लिहिला. वजन केलंच नाही. बाइंडरची मुलगी असून पुस्तक फक्त डोळ्यांनी तोललं. तुम्ही ते कुठेतरी काट्यावर ठेवा आणि सगळ्यात स्वस्तात कसं जाईल ते बघा. खर्च फार झाला तर मला मिळायचं ते टपालातच जाईल. आणि वीस तारखेच्या आत ते निघालं नाही तर ते वेबसाइटवाले नव्या दुकानाला सरळ टाळं लावतात. दुसरी नोकरी कुठे दिसत नाही, बाबा. सध्या हे दुकान म्हणजेच माझं पोट आहे. दिवसातून दहा वेळा उठून स्क्रीन बघते, एका जागी बसवत नाही.

लोभ तर आहेच, त्यात थोडी घाई मिसळा.

तुमची,
घाईबाई

८ फेब्रुवारी

चि. घाईबाईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. अभिनंदन. पोटापाण्याची सोय लागतेय हे वाचून बरं वाटलं.

पुस्तक पिशवीत घालून किराणावाल्याकडे नेलं. साडेसहा किलो भरलं. त्याला खरं वाटेना, त्याने पिशवीत वाकून पाहिलं आणि पुन्हा ठेवलं. पुन्हा साडेसहा. मग म्हणाला, काका, यात झाडं सुकी आहेत की ओली? त्याच्या विनोदाला मी हसलो, कारण पिशवी परत उचलायला त्याची मदत हवी होती.

तिथून टपाल कचेरीत गेलो. खिडकीवरची बाई मोठ्याने बोलते, मला ती आवडते. तिने सांगितलं की पुस्तकांना सवलतीचा दर असतो, तो फारच स्वस्त, पण पाच किलोंच्या वर घेत नाहीत. साधं पार्सल केलं तर तुझ्या बाईंनी भरलेल्या खर्चाच्या तिप्पट होईल. शिवाय सवलतीच्या पाकिटाचं एक तोंड उघडं ठेवावं लागतं, आत पुस्तकच आहे हे त्यांना बघता यावं म्हणून. आत चिठ्ठीचपाटी चालत नाही. म्हणजे वजनात बसलं असतं तरी उघड्या तोंडाने गेलं असतं. धूळ, ओल, वाळवी, सगळं आत. मला ते पटलं नाही.

खासगी कुरिअरवाल्याकडेही डोकावलो. त्याचा पोरगा पार्सलं दारातून टेम्पोत फेकत होता. नेमही बरा होता त्याचा. मी आल्या पावली परत.

तेव्हा थोडं थांबावं असं वाटतं. पुस्तक सध्या माझ्या उशाशी आहे, म्हणजे सुरक्षित आहे. तुझी मागची सर्दी बरी झाली ना? जेवत जा वेळेवर.

ममता आहेच, ती मागायला लावू नकोस.

बाबा

११ फेब्रुवारी

ती. बाबांच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

थांबावं असं वाटतं? बाबा, थांबायला वेळ कुठे आहे?

मी इथे बसून सगळे मार्ग शोधले. एक, लांब पल्ल्याच्या बसच्या टपावरून पार्सल जातं, खर्च निम्म्याहून कमी. बाई स्टँडवर येऊन घेतील, मी त्यांना विचारलं. दुसरं, तुमच्या गल्लीतला तो फर्निचर पोचवणारा टेम्पोवाला महिन्यातून एकदा त्याच बाजूला जातो असं तुम्हीच मागे लिहिलं होतंत. त्याला गळ घाला. तुम्ही त्याच्या पोरीच्या वह्यांना फुकट पुठ्ठे घालून दिलेत, तो नाही म्हणायचा नाही. तिसरं, वरची जाड पुठ्ठ्याची पेटी करू नका, तुमच्या पेट्या पुस्तकाहून जड असतात. जुन्या चादरीत गुंडाळा आणि वर प्लॅस्टिक.

आणि काहीच जमत नसेल तर कापा मधोमध आणि दोन पार्सलं करा. हे रागाने लिहितेय, मनावर घेऊ नका.

बाईंचे दोन निरोप आले. त्या रागावत नाहीत, फक्त विचारतात. तेच जास्त लागतं. माझा जीव टांगणीला लागलाय. रात्री झोपताना फोन उशाखाली, तुमच्या उशाशी पुस्तक. बापलेकीची तऱ्हा एकच.

दोन ओळींचं का होईना, उत्तर लगेच लिहा, एवढाच लोभ मागते.

घाईबाई

१४ फेब्रुवारी

चि. घाईबाईस,
अ. उ. आ.

टेम्पोवाल्याला विचारलं. बिचारा फुकट न्यायला तयार आहे. पण त्याने जागा दाखवली ती दोन लोखंडी कपाटांच्या मधली. तिथे मी माझे जुने जोडेही ठेवणार नाही. बसचं म्हणशील तर टपावर ऊन, वारा, कोणाचं काय सांडेल काय नाही. आणि स्टँडवर बाईंच्या आधी भलताच कोणी घेऊन गेला तर?

चादरीत गुंडाळून पाहिलं. कोपरे उघडे पडतात. पुस्तकाचं सगळं मरण कोपऱ्यात असतं, हे तुला मी लहानपणी शिकवलं होतं.

तुझ्या बाई कशा आहेत? म्हणजे पुस्तक वाचणार आहेत, की दिवाणखान्यात मांडून ठेवणार? हात धुऊन घेतील का? मातीत काम करणारं माणूस, नखांत माती असायची. एकदा विचारून बघ. पुस्तकाची पाठ फार मागे वाकवायची नाही, हेही सांगायला हवं. फोटो बघून घेतलंय त्यांनी, त्यांना काय कळणार त्यात काय आहे.

मागच्या खोलीचा दिवा गेला होता, तो बदलला. खिडकीजवळचं स्टूल पुसून ठेवलं. बाकी ठीक.

माया कमी झाली असं समजू नकोस.

बाबा

१७ फेब्रुवारी

ती. बाबांच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा चिडून, कारण नुसता नन्नाचा पाढा. दुसऱ्यांदा हसून, त्या नखांतल्या मातीवर. तिसऱ्यांदा स्टुलापाशी अडकले.

खिडकीजवळच्या स्टुलावर आई बसायची. तुम्ही पुठ्ठे कापायचात, खळ लावायचात, आणि शिवण कायम तिची. तुमच्या हातून गेलेलं एकही पुस्तक तिने शिवल्याशिवाय गेलं नाही. मग मी आठवत बसले. तिच्या शेवटच्या आजारपणात मी सुट्टीला आले होते, तेव्हा तिच्या मांडीवर मोठमोठी पानं होती आणि त्यांवर झाडं होती. दोन टाके घातले की ती डोळे मिटून बसायची.

बाबा, हे तेच ना? कोणाचं काम नव्हतं ते. रद्दीत सुटी पानं मिळाली म्हणून तुम्ही दोघांनी स्वतःसाठी बांधलं. मी कपाटाचे फोटो काढत होते तेव्हा तुम्ही नुसती मान हलवलीत. अहो, तोंड उघडायचं की. मी तुमची मुलगी आहे, गिऱ्हाईक नाही.

ते पाठवू नका. मी आजच बाईंना कळवते की पुस्तक देता येत नाही, पैसे परत करते. दुकान बंद झालं तर झालं, हात-पाय धड आहेत, काहीतरी करीन. तुम्ही मनाला लावून घेऊ नका आणि ते उशाशीच राहू द्या.

माझ्यावरचा लोभ उणा झाला असेल तर तो माझ्याच कर्माने.

तुमची वेडी

२० फेब्रुवारी

ती. बाबांच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय. बाबा, हे काय आहे?

बाईंना मी देता येत नाही म्हणून कळवलं होतं. पैसे परत करायच्या आत आज त्यांचा निरोप आला. म्हणतात, देता येत नाही कसं, अर्धं तर पोचलं. अर्धं म्हणजे काय? मला आधी वाटलं बाईंचं डोकं फिरलंय. मग त्यांनी फोटो पाठवला. हिरवी पाठ, आपल्याच घरचं काम. पण पान एकपासून सुरू होतं आणि मध्येच वडाच्या झाडापाशी संपतं. उरलेली झाडं कुठे आहेत, असं त्या विचारतात. मी काय सांगू?

तुम्ही खरंच कापलंत की काय? मी रागाने लिहिलं होतं हो. तोंडचं पाणी पळालंय माझ्या. आणि दुसरं अर्धं निघालंय की वाटेत हरवलंय? तारीख तर आजची. शेजारणीचा फोन घेऊन तरी बोला, मी ओरडते हवं तर.

जीव वर-खाली होतोय, लोभाचं नंतर बघू.

तुमची

२२ फेब्रुवारी

चि. घाईबाईस,
अ. उ. आ.

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी हातात पडली. आधी दुसरं उघडलं, म्हणून घाबरलो. मग पहिलं वाचलं.

कापलं नाही. बाइंडर पुस्तक कापत नाही, उसवतो. तू रागाने लिहिलंस ते मला बरोबर वाटलं. पाच किलोंच्या वर घेत नाहीत ना, मग एका पुस्तकाची दोन करायची. दोन्ही सवलतीत बसतात. तुझ्या बाईंनी भरलेल्या खर्चात दोन्ही गेली आणि वर माझा एक चहा झाला. सोळा तारखेला दोन्ही एकदम खिडकीत दिली. ती बाई म्हणाली की जोडीने दिली तरी जोडीनेच पोचतील असं नाही. दुसरं येईल. पाकिटात चिठ्ठी चालत नाही, म्हणून बाईंना वेगळं पत्र टाकलंय, ते पाकिटांच्याही मागे रेंगाळलेलं दिसतं. तुला आधी कळवलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस. आणि मी लगेच ऐकलं असतं.

द्यायचं नव्हतंच मला. तू ओळखलंस ते खरं. तुझ्या आईने शिवलेलं घरात तेवढं एकच उरलं होतं. प्रत्येक रस्त्याला मी फाटे फोडत होतो आणि आपण पुस्तकाची काळजी घेतोय असं स्वतःला सांगत होतो. मग उशाशी ठेवून एका सकाळी सहज उघडलं, तर तिची शिवण मध्यावर सैल झालेली. नीट बघितलं तर जागोजागी. अग, शेवटी तिच्या हातात जोर राहिला नव्हता. तिच्या टाक्याची मी कधी तपासणी केली नव्हती, म्हणून इतकी वर्षं कळलंच नाही. त्या शिवणीने ते पुस्तक वाटेतच सुटलं असतं, आणि तुझ्या बाई म्हणाल्या असत्या, काय गचाळ काम आहे. तुझ्या आईच्या कामाला कोणी गचाळ म्हटलेलं मला खपलं नसतं.

म्हणून सगळे फर्मे, म्हणजे ती घडी घातलेल्या पानांची जुडगी, सोडवली आणि पुन्हा शिवली. मी. आयुष्यात सुई तिनेच धरली, माझे टाके आधी वाकडे आले. पहिले तीन फर्मे उसवून पुन्हा घातले. तिच्या स्टुलावर बसलो तेव्हा कुठे जमलं, उजेड तिथेच बरा येतो. पाठीचं कातडं दोन्ही भागांना पुरलं. ‘हाताने शिवलेलं’ असं लिहिलंस ते अजूनही खोटं नाही.

आता पैसे परत करू नकोस आणि पत्राखाली ‘वेडी’ म्हणून सही करू नकोस.

माया होती तेवढीच आहे.

बाबा

२६ फेब्रुवारी

ती. बाबांच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

उरलेली झाडं पोचली. दुकान चालू आहे. वेबसाइटवाल्यांना पाकिटावरचा टपालाचा सोळा तारखेचा शिक्का पुरला, बाईंनीच त्याचा फोटो पाठवला.

त्यांना मी भीत भीत विचारलं की एकाचे दोन भाग झालेत, परत पाठवायचंय का? त्यांनी लिहिलं की मुळीच नाही. त्यांचे यजमान पाठीच्या दुखण्याने पडून असतात, झाडं लावणं त्यांचंच वेड. ते जाडजूड पुस्तक त्यांच्या छातीवर कसं ठेवायचं याची बाईंना पैसे भरल्यावर काळजी लागली होती. आता एक भाग ते पडल्या पडल्या धरतात, दुसरा बाई. तुमचं पत्रही मिळालं त्यांना. हात धुऊनच घेतो, असा निरोप आहे.

मी मात्र दोन दिवस रडून घेतलं. तुम्हाला नाही, स्वतःला रागावले. एकच विचारते, जमलं तर सांगा, नाहीतर सोडून द्या. उसवलात तो आईचा दोरा कुठे आहे?

पुढच्या महिन्यात येते. तोवर माया जपून ठेवा, मी येऊन घेऊन जाईन.

तुमचीच

१ मार्च

चि. घाईबाईस,
अ. उ. आ.

दोरा आहे. तिच्या डब्यात गुंडाळून ठेवला होता.

त्यातला अर्धा या पाकिटात घातलाय, उघडताना झटकू नकोस. हे टपाल कचेरीतच लिहितोय. खिडकीवरच्या बाईने पाकीट चिकटवायच्या आधीच काट्यावर ठेवलं आणि म्हणाली, काका, नेहमीचंच तिकीट, याला वजनच नाही.

बाबा