पोतं उचलायचे हातमोजे

३ मार्च, सोमवार

तळव्यांची सालटं निघाली! दोन्ही. नेमकी बोटांच्या मुळाशी, जिथे कातडीची घडी पडते तिथेच. बागेतल्या व्यायामवर्गात शिट्टीवाले सर आम्हाला वाळूची पोती उचलून चालायला लावतात, मग कडी असलेले लोखंडी गोळे. मी घेते ते सगळ्यांत लहान पोतं. तरी ही गत!

सर म्हणाले, "मावशी, हातमोजे घ्या. स्वस्तातले चालतील, पण मापाचे घ्या."

या वयात हे काही हौसेनं चाललेलं नाही. पक्षाघातानंतर यांची उजवी बाजू गेली. खाटेवरून खुर्चीत बसवायचं तर दोन माणसं लागतात, आणि मदतनीस येतो तो फक्त सकाळी. मुलाचं टुमणं चालूच आहे — "आई, तुला झेपत नाही. शुश्रूषा केंद्रात ठेवू या बाबांना." महिनाअखेरीस तो येतोय. त्याच्यादेखत यांना एकटीनं उचलून खुर्चीत बसवायचं. मग बघू कोण कोणाला कुठे ठेवतं!

४ मार्च, मंगळवार

साबण लागला की झोंबतं. भांडी मदतनिसाच्या गळ्यात घातली. बिचाऱ्यानं घासली. कपाळावर आठी मात्र होती.

५ मार्च, बुधवार

खेळाच्या सामानाचं दुकान. दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला, "नातवाला द्यायचेत का?"

"नाही. मलाच."

"अच्छा! लेडीज!" — आणि त्यानं गुलाबी जोडी काढली. मनगटावर फुलपाखरू! चार बोटं आत गेली, अंगठ्यानं संप केला. माझे हात पहिल्यापासून मोठे. कॉन्व्हेंट शाळेत संचलनाला पांढरे सुती हातमोजे सक्तीचे. मुलींच्या मापात माझा हात मावेना, म्हणून सिस्टरनी शेजारच्या मुलांच्या शाळेतून मागवले. "देवानं तुला गोलकीपरचे हात दिलेत, बाळ," म्हणाल्या होत्या. किती मायेनं म्हणाल्या होत्या! मी मात्र दिवसभर रडले होते.

मग दुकानदारानं सगळ्यांत महागडी जोडी दाखवली. तळव्याला अशी जाड गादी की झोप यावी. घालून तिथलाच एक गज धरून पाहिला, तर मूठच मिटेना. गादीनं गज दुप्पट जाड झालेला! कातडी वाचायची आणि वजन पायावर पडायचं. नमस्कार करून निघाले.

९ मार्च, रविवार

घरात आहे त्यात भागतंय का ते पाहिलं. भांडी घासायचे रबरी मोजे घालून बागेत गेले. बँकवाली (बँकेतून निवृत्त झालेली, माझ्या रांगेतली) मोठ्यानं — "अहो ताई, पोतं उचलताय की ऑपरेशन करताय?" सगळी बाग हसली. पाच मिनिटांत आत घामाचं तळं. बोटं पांढरीफटक, सुरकुतलेली.

मग यांचे स्कूटरचे जुने मोजे काढले माळ्यावरून. हात घातला तर आत अजून त्यांच्या मुठीचा बाक आहे. मागे बसून किती वेळा पाहिले असतील मी ते मोजे, यांच्या खांद्यावरून! आम्ही कुठे कुठे गेलो त्या स्कूटरवरून... असो. पोतं त्यातून सरळ निसटलं. माझ्याच पायावर.

संध्याकाळी यांना सगळं रंगवून सांगितलं — पोतं छातीशी कसं धरायचं, गुडघ्यात वाकून कसं उठायचं. यांनी डोळे मिटून घेतले. दमले असतील.

११ मार्च, मंगळवार

मिळाले! पुरुषांच्या मापातले लहान. तळव्याला पातळ चामडं, पाठीला जाळी, बोटं अर्धी उघडी. गेल्या वर्षीचा माल, म्हणून स्वस्त. मूठ वळली की तळव्यात चुणी पडत नाही. तीच खरी परीक्षा — चुणी पडली की तिथेच फोड येतो. एवढं ज्ञान आता मला झालंय!

पोतं घेऊन अख्खं मैदान चालले. शिट्टीवाल्यांनी चक्क शिट्टी तोंडातून काढून "छान" म्हटलं.

१५ मार्च, शनिवार

मोज्यांना घामाचा वास. शनिवार तो मोजे धुवायचा, हे सिस्टरनी अंगात भिनवलेलं. गरम पाणी, साबण, निळीचा थेंब, पातळ खळ, कडक ऊन. दोरीवर छान दिसताहेत.

१६ मार्च, रविवार

काय सांगू! चामडं लाकूड झालं. उलट्या पडलेल्या खेकड्यांसारखे दोन्ही मोजे टेबलावर, बोटं आकाशाकडे. तेल चोळलं. लाकूडच, पण तेलकट.

बँकवालीला हसता हसता खाली बसावं लागलं. "चामड्याला खळ? अहो, इस्त्री तरी का सोडलीत?"

सिस्टर असत्या तर शाबासकी नक्की होती.

१७ मार्च, सोमवार

दुसरी जोडी. कापडी, तळव्याला रबराचे ठिपके — सामान चढवणारे-उतरवणारे वापरतात तसले. दुकानातले सगळ्यांत स्वस्त, आणि मूठ अगदी मनासारखी मिटते. एवढे दिवस फुलपाखरं बघत बसले होते! धुवायचे कसे, हे या वेळी आधी विचारून घेतलं.

२० मार्च, गुरुवार

मधलं पोतं उचललं! पाठ सरळ, जोर पायांतून. घरी मदतनिसाला बाजूला उभं केलं आणि यांना एकटीनं खुर्चीत बसवलं. खुर्ची जागची सरकलीसुद्धा नाही. म्हटलं, "पोत्यापेक्षा तुम्ही बरे. निदान सांडत तरी नाही!"

हसले नाहीत. माझ्या विनोदांना ते कधीच हसत नाहीत. काही नवीन नाही.

२३ मार्च, रविवार

मुलगा आला. चहासुद्धा होऊ दिला नाही मी. "बस इथे आणि बघ." मोजे चढवले, यांच्या काखेखालून हात घातले, गुडघ्यात वाकले — आणि उचललं! अलगद! खुर्चीत बसवून पायांवर पांघरूणसुद्धा घातलं. मी धापा टाकत, पण विजयी. "आता केंद्राचं नाव काढायचं नाही या घरात!"

मुलगा माझ्याकडे बघेचना. बाबांकडे बघत होता. हे खिडकीकडे.

मग स्वयंपाकघरात माझ्यामागे आला. "आई, केंद्राचं मला कुठे सुचलं होतं? बाबांनीच सांगितलं. फोनवर. एकेक शब्द जुळवत. अर्धा तास लागला त्यांना."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगत होते ना. तू दर वेळी त्यांचं वाक्य पुरं करून टाकतेस."

खोटं आहे! — असं म्हणणार होते. चहा उतू गेला.

२४ मार्च, सोमवार

बागेत गेले नाही. खाटेशी बसले. विचारलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. फार कठीण. पोतं परवडलं.

"तिथे... उचलतात... त्यांचं काम आहे ते." मग मान माझ्याकडे वळवली. "तू उचललंस... की मी... तुझा नवरा... राहत नाही."

"अहो, पण मला जमतंय आता!"

"तुला... जमतं." डाव्या हातानं माझा तळवा धरला. "मला... नाही जमत."

२६ मार्च, बुधवार

केंद्रातून फोन (मुलानं जाताना यांचं नाव नोंदवलं होतं) — खिडकीजवळची खाट रिकामी झालीय, कधी येताय? मी फोन सरळ यांच्या कानाशी धरला.

"उद्या येतो," म्हणाले. एका दमात, स्पष्ट. आजारपणापूर्वी बोलत असत तसं.