टोपलीखालचं पीठ

हळ्ळीखेड. मंगळवार, दिवेलागण.

अप्पांना जाऊन तिसरा दिवस. सकाळी भंतेजी वंदना घेऊन गेले आणि लगेच आत्यानं अप्पांच्या खाटेच्या जागी पीठ पसरून वर टोपली पालथी घातली.

"आत्या, आपण बौद्ध. हे कामून करायलीस?"

"माझा भाऊ हाय. येऊन गेला तर खूण उमटंल."

तिचं मन मोडू नये म्हणून दुपारी मीच गुपचूप पिठात बोट टेकवलं. एकच.

आत्ता तिनं टोपली उचलली. "आला बघ!" म्हणत रडायली. मी वाकून बघितलं. पिठात दोन खुणा.

दुसरी आत्याचीच असणार. तिनंही माझ्यासाठीच केलं असणार. पण विचारायचा धीर होईना. ती न्हाई म्हणाली तर?