साडूची नऊ पानं

४ फेब्रुवारी
बायकोच्या ताईकडे जेवायला. जेवण झाल्यावर साडूने टेबल स्वतः पुसलं आणि प्रत्येकापुढे एकेक फाइल ठेवली. सात जणांनी मिळून एक हॉल घ्यायचा, दवाखान्याला भाड्याने द्यायचा, भाडं वाटून घ्यायचं. आम्हालाही वाटा देतो म्हणाला. सगळे त्याच्याकडे असे बघत होते, जणू हॉल त्यानेच जन्माला घातला. साडू दाताच्या डॉक्टरांना सामान विकतो. याला जागेतलं काय कळतं?
विचार करून सांगतो म्हणालो. नाही म्हणायचं हे ठरलेलंच होतं.

५ फेब्रुवारी, सकाळी
फाइल वाचली. नऊ पानं. बावीस वर्षं प्रेसमध्ये प्रुफं तपासतोय, माझ्या नजरेतून काही सुटत नाही. पहिल्याच पानावर साडूने लिहिलंय: विकणारा माझा वर्गमित्र आहे. या व्यवहारात मला दोन टक्के मिळणार आहेत. मागच्या भिंतीला चार फूट ओल आहे. भाडेकरू दोन वर्षांनी जागा सोडू शकतो.
एवढं सांगणारा माणूस नक्कीच काहीतरी मोठं लपवतोय.
शुद्धलेखनाच्या चुका फक्त दोन. लाल पेनने गोल केले.

९ फेब्रुवारी
टेप घेऊन हॉलवर गेलो. वॉचमनला सांगितलं, पाइप बघायला आलोय. ओल मोजली. पावणेचार फूट. कागदावर चार! आकडे फुगवायची सवय दिसते.
वॉचमनला खोदून खोदून विचारलं, अजून काय भानगड आहे. तो म्हणाला, जे आहे ते साहेबांनी दाराच्या आत लिहून लावलंय. खरंच लावलंय. लॅमिनेट करून.
घरी येताना डोकं दुखत होतं.

१६ फेब्रुवारी
बायकोने पुन्हा विषय काढला. मी म्हणालो, कागद नीट तपासल्याशिवाय आपण कुठेही पैसे घालत नाही. ती पुढे आणखी काहीतरी म्हणाली. मी साडूचं सातवं पान वाचत होतो. बरं म्हणालो.

२ मार्च
सात जणांचं खरेदीखत झालं. साडूने ग्रुपवर फोटो टाकला. खाली सासूबाईंचे चार अंगठे. माझ्या प्रमोशनला एकच होता.
निश्चय: सहा महिन्यांत स्वतःच्या नावावर स्वतःची जागा. वाटा नाही, अख्खी.

७ मार्च
जागा मिळाली! नव्या कॉम्प्लेक्समध्ये दुकान. एजंट पांढऱ्या बुटांचा, मोजकं बोलणारा. नऊ पानांची कटकट नाही. एकच ब्रोशर, चकचकीत आर्ट पेपर, छपाई अप्रतिम. तीनदा वाचलं. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. असं काम करणारी माणसं फसवत नसतात.
मी एकही प्रश्न विचारला नाही. प्रश्न विचारले की आपण नवखे वाटतो.

११ मार्च
पीएफमधून पैसे काढायचा अर्ज दिला. बायकोला सांगितलं नाही. हे लपवणं नव्हे, सरप्राइज.

२९ मार्च
सही केली. एजंट म्हणाला, तुमच्यासारखं गिऱ्हाईक बघितलं नाही. साडूला असं कोण म्हणालं असेल?

३ एप्रिल, दुपारी
दुकान बघायला गेलो. आत माणूस होता.
गाद्या विकतो. वयस्कर, सभ्य. मला ग्राहक समजून दोन उशा दाखवल्या. मी मालक आहे म्हटल्यावर त्याने स्टूल दिलं आणि करार काढून दाखवला. जुन्या मालकाशी केलेला, नोंदवलेला, अजून नऊ वर्षं बाकी. भाडं एवढं कमी की तेवढ्यात त्याची एक गादीही येत नाही. त्याने विचारलं, तुम्हाला सांगितलं नव्हतं का? मी म्हणालो, सांगितलं होतं, सहज आलो होतो. एक उशी घेऊन बाहेर पडलो.

३ एप्रिल, संध्याकाळी
एजंटला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, साहेब, तुम्ही विचारलंच नाही.

६ एप्रिल
नाइलाजाने साडूकडे गेलो. मित्राचं प्रकरण आहे म्हणून सांगितलं. साडूने मित्राच्या करारावर माझं नाव वाचलं आणि तरी तुमचा मित्र, तुमचा मित्र असंच म्हणत राहिला. हे त्याचं सांभाळून घेणं मला फार लागलं. वकील सुचवला. वकिलाची फी किती, आणि वकील त्याचा मावसभाऊ आहे, हेही आधीच सांगितलं.
निघताना म्हणाला, भाड्याचा पहिला हप्ता आलाय, तुमच्या घरचा हिस्सा उद्या पाठवतो.
कोणाच्या घरचा, मी विचारलं.

६ एप्रिल, रात्री
बायकोने स्वतःच्या शिकवण्यांच्या पैशातून हॉलमध्ये वाटा घेतलाय. म्हणाली, सोळा फेब्रुवारीला सांगितलं होतं, तू बरं म्हणालास. इच्छुक वाटेकऱ्यांची यादी सातव्या पानावर होती, तिचं नाव शेवटचं.
मग तिने उशी कुठून आली ते विचारलं. मी सगळं सांगितलं. दुकान, पीएफ, गादीवाला. तिने उशी बाजूला ठेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मुलीच्या कॉलेजचं काय, एवढंच म्हणाली.
उठताना म्हणाली, अजून जे जे सांगितलं नसशील ते उद्या लिहून दे. भाऊजींनी दिलं होतं तसं.

७ एप्रिल
रजा घेतली. दिवसभर लिहिलं. चार पानं झाली. टेप घेऊन ओल मोजायला गेलो होतो, तेही लिहिलं. चौथ्या पानावर दोन ओळी खोडल्या. शेवटी लिहिलं: मला साडूचा हेवा वाटतो. लग्नापासून.
बायकोने चष्मा लावून सगळं वाचलं. पहिल्या तीन पानांवर जागोजाग खुणा केल्या, प्रश्न विचारले. चौथं पान तिने परत दिलं. म्हणाली, हे नको, हे सगळ्यांना माहीत आहे.