एकाआड एक शनिवारचा वारा

पप्पा, तुम्हाला पाण्याचा राग होता की भीती वाटायची, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. आज विचारावंसं वाटलं म्हणून लिहायला बसले. रविवारची दुपार आहे. इथे रविवारी व्हॅक्यूम क्लीनरसुद्धा लावायचा नसतो, खालच्या मजल्यावरच्या आजीबाई लगेच बेल वाजवतात. जर्मनीत झिंडेलफिंगेनमधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी एकटी बसले आहे. अंग ठणकतंय, उजव्या दंडावरचं काळंनिळं आता कडेनं पिवळं पडायला लागलंय, आणि ते कशानं झालं हे नाशिकला आईला सांगायची सोय नाही. ती जेवण सोडून बसेल. तुम्ही गेलात तेव्हा मी कार्ल्सरूहेला शिकत होते. त्यानंतरचं तुम्हाला काहीच माहीत नाही. नोकरी नाही, लग्न नाही, तुमची नात नाही, घटस्फोट नाही. नात आता अकरा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमधूनच देते. मला ‘मामा’ म्हणते, कारण इथे आईला तेच म्हणतात. तुम्ही हसला असतात.

धरणाची कॉलनी मला अजून घरासारखी आठवते. पाटबंधारे खात्याची पिवळी क्वार्टर्स, दर पावसाळ्यात दरवाजे उघडायच्या आधी वाजणारा भोंगा, आणि भिंतीवर उभं राहिलं की ओढणी उडवून नेणारा वारा. चहूकडे पाणी आणि त्यात उतरायला मात्र बंदी. कुणी बुडालं की गावातले कोळी बोलावले जायचे आणि पंचनाम्याला तुम्हाला उभं राहावं लागायचं. अशा दिवशी तुम्ही मागच्या दारी कपड्यांसकट अंगावर पाणी घ्यायचात आणि आईनं वाढलेल्या ताटाकडे बघायचाही नाहीत. मी तिसरीत की चौथीत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मैत्रिणीबरोबर पायऱ्यांवरून उतरले आणि गुडघ्यापर्यंत पाण्यात उभी राहिले. तुम्ही मागून आलात, मला काखेतून उचललंत, ओल्या पायांनी तशीच ऑफिसात नेलंत आणि लाकडी खुर्चीवर बसवलंत. “बस इथं. उठायचं नाही,” एवढंच बोललात. संध्याकाळपर्यंत तुम्ही तुमची कामं करत राहिलात, माणसं येत-जात राहिली, आणि मी खुर्चीवर. घरी आल्यावर आईला म्हणालात, “हिला फाटकाबाहेर सोडायचं नाही.” ती सगळी सुट्टी मी कंपाऊंडच्या जाळीला नाक लावून पाणी बघत काढली. मार बसला असता तर मी विसरले असते.

आणि मग बारावीच्या निकालानंतर एका सकाळी वंदना म्हणून झाल्यावर तुम्ही एकदम म्हणालात, “चल. टॉवेल घे.” स्कूटरवरून तालुक्याच्या पोहण्याच्या तलावावर नेलंत, फी भरलीत, आणि मी शिकत असताना पायऱ्यांवर माझा टॉवेल मांडीवर घेऊन बसलात, पाण्याकडे पाठ करून. महिनाभर रोज तसंच. शिकवणारे मास्तर हाक मारायचे, “साहेब, बघा तरी, पोरगी मासोळीसारखी पोहतेय.” तुम्ही मान डोलवायचात, वळायचा नाहीत. यापेक्षा मोठं तुम्ही मला कधी काही दिलं नाहीत.

आता माझ्या कंपाऊंडबद्दल सांगते. नवरा आणि मी वेगळे झालो त्यात कुणी कुणाला छळलं वगैरे काही नव्हतं. तोही मराठी, माझ्यासारखाच गाड्यांतला इंजिनियर, सरळ माणूस. फक्त घरात दोघं असून बोलण्यासारखं काही उरलं नाही. घटस्फोट झाल्यावर मला परत यायचं होतं. आईचे गुडघे गेलेत, ती जिना उतरत नाही, आणि पुण्यात मला सहज काम मिळालं असतं. वकीलबाईंनी शांतपणे समजावलं की मुलीचं झोर्गेरेश्ट, म्हणजे तिच्याबद्दल ठरवण्याचा हक्क, दोघांचा आहे. त्याच्या संमतीशिवाय तिला देशाबाहेर राहायला नेता येणार नाही. तो म्हणाला, “तिला तू नेलीस तर मी वर्षातून एकदा भेटणारा काका होईन. मला नाही जमणार.” मी त्याच्या जागी असते तर हेच म्हणाले असते, म्हणून मला धड भांडताही आलं नाही. युगेंडआम्टच्या, म्हणजे बालकल्याण खात्याच्या, बाईंनी मुलीशी खेळत खेळत विचारलं, तर ती जर्मनमध्ये म्हणाली, मला इथेच राहायचंय, माझ्या मैत्रिणी इथे आहेत. संपलं. मला एकटीला कुणीच अडवलेलं नाही, पप्पा. मी आज संध्याकाळच्या विमानानं येऊ शकते. फक्त तिला ठेवून यायचं.

एक शनिवार-रविवार ती माझ्याकडे असते, पुढचा त्याच्याकडे. त्याच्याकडचे दोन दिवस मला खायला उठायचे. शुक्रवारी ती सॅक पाठीला लावून खाली उतरली की मी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसायचे आणि बऱ्याचदा दिवा लावायचंही सुचायचं नाही. भात एकटीपुरता लावला तरी उरायचा. आमच्या टेस्टिंग विभागात एक जर्मन बाई आहे, साठीला आलेली, एकटी राहणारी, जुन्या व्हॅनमध्ये कायम वाळू घेऊन फिरणारी. एका सोमवारी तिनं विचारलं, “वीकेंडला काय केलंस?”

“काही नाही.”

“गेनाऊ, अगदी तेच,” ती म्हणाली, “तसंच दिसतंय तोंडावर.” आणि पुढच्या माझ्या रिकाम्या शनिवारी तिनं मला व्हॅनमध्ये घातलं.

तेव्हा वसंत ऋतू होता. गावाबाहेरच्या कुरणात नुकतंच शेणखत मारलेलं, सगळीकडे तो वास. तिनं वाऱ्यावर माणसाला ओढून नेणारी तिची काइट पसरली. याला पतंग म्हणवत नाही. मोठी काइट आपल्या क्वार्टरच्या पडवीएवढी असते. कमरेला रुंद पट्टा बांधतात, त्याच्या हुकाला दोऱ्या अडकवतात आणि हातात एक आडवा दांडा असतो, बार. बार जवळ ओढला की जोर वाढतो, हात सैल सोडले की कमी होतो. एवढंच शिकायचं असतं, आणि तेच जमत नाही, कारण घाबरलेला माणूस काहीतरी घट्ट धरतो. मी बार छातीशी ओढला आणि काइटनं मला पोटावर पाडून त्या शेणखतातून फरफटत नेलं. मागून ती ओरडत पळत येत होती, “लॉसलासन! लॉसलासन!” म्हणजे, सोड. मी काही सोडला नाही. शेवटी काइटच खाली पडली. मी उठून बसले, तोंडात गवत, आणि मला हसू फुटलं ते थांबेना. कित्येक महिन्यांत मी हसले नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगी बापाबरोबर इटलीला गेली आणि मी त्या बाईबरोबर उत्तरेला, ओस्टझे, म्हणजे बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर. समुद्र म्हणायचं, पण कमरेएवढं पाणी, फारसं खारटही नाही. शिकवणारी एक सोललेल्या नाकाची तरुण मुलगी होती. तिनं पहिलं विचारलं, “पोहता येतं ना?” मी म्हटलं, येतं, वडिलांनी शिकवलं. खरं तर मास्तरांनी, पण मी तसंच सांगितलं. सुरुवातीचे दिवस फक्त पाण्यातून ओढून घेण्यात गेले, नाकातोंडात पाणी, गुडघे खरचटलेले. मग एका दुपारी काइट डोक्यावरून खाली वळवली, पाय पाण्यावरून घसरायच्या फळीवर होते, आणि मी उभी राहिले. पप्पा, पाण्यावर उभी राहिले. घोड्यावरून पडावी तशी लगेच पडलेही. पण मधल्या त्या काही क्षणांत पायाखाली पाणी सुसाट मागे जात होतं आणि माझ्या डोक्यात काहीही नव्हतं. ना कोर्ट, ना आईचे गुडघे. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, “कूल, मामा,” आणि टॅब्लेटचा चार्जर कुठे ठेवलाय ते विचारलं.

तेव्हापासून शरद ऋतूतही मी जात राहिले, बोटं बधिर होईपर्यंत, येताना ऑटोबानवर गाड्यांच्या रांगेत अडकत. मला यात मोकळं वाटतं असं ऑफिसातली माणसं समजतात. तसं अगदी नाही. कितीही वेगात गेलं तरी दोऱ्या तेवढ्याच लांब असतात आणि संध्याकाळी त्याच काठावर परत यावं लागतं, ओला सूट सोलून काढावा लागतो, आणि सोमवार येतो. मला आवडतं ते एवढंच, की मला ओढून नेणारं काय आहे ते तिथे डोळ्यांना दिसतं.

कालच्या आधीच्या शनिवारी जे झालं ते आता सांगते. हिवाळ्यात आम्ही इथून दक्षिणेला श्वेबिशे आल्बच्या पठारावर जातो. बर्फ पडला की उघडी शेतं सगळी पांढरी होतात आणि फळीऐवजी पायात स्की घालून तीच काइट चालवायची. बर्फावर पाण्यासारखी अडवणूक नसते, थोड्या वाऱ्यातही माणूस सुसाट सुटतो. मुलगी या खेपेला हट्ट धरून आली होती. थर्मासमधला चहा घेऊन व्हॅनपाशी उभी होती. दुपारनंतर पश्चिमेकडून करडा ढग आला. त्या बाईनं हात हलवून मला खूण केली की उतर. मी म्हटलं, एक चक्कर, मुलगी बघतेय. वळले आणि वारा एकदम दुप्पट झाला. काइटनं मला उचललं, आपटलं, आणि दंडावर पडलेली मी तशीच घसरत निघाले. समोर बीच जातीच्या उंच झाडांची रांग होती. मला सगळं माहीत होतं, पप्पा. बारच्या वर एक लाल तुकडा असतो, तो पुढे ढकलला की काइट मरून पडते. मी दर वेळी त्याचा सराव करते. पण माझे दोन्ही हात बारला चिकटले होते आणि मी तो ओढत होते, जिवाच्या आकांतानं ओढत होते. झाडांच्या साली दिसायला लागल्या.

तेव्हा मागून हाक आली. “आई, सोड! सोड ना, आई!”

मराठीत. तिच्या तोंडून हे शब्द मी तिच्या लहानपणानंतर ऐकले नव्हते. हात आपोआप पुढे गेला. काइट फडफडून खाली बसली आणि मी झाडांच्या अलीकडे बर्फात तोंड खुपसून पडले. ती धावत आली, माझ्या पाठीवर पडून रडली, मला जर्मनमध्ये शिव्या दिल्या, त्यातल्या काही मलाही नव्या होत्या. परतताना गाडीत म्हणाली, मला पण शिकायचंय. मी म्हटलं, अजिबात नाही. ती म्हणाली, मग तूही जायचं नाहीस. घरी आल्यावर तिला छोट्या काइटवर, उन्हाळ्यात, गवतावर शिकवायचं कबूल केलं.

शुक्रवारी तिचा बाप तिला न्यायला आला तेव्हा तिनं दारातच सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता हा म्हणेल, मुलीला कुठे घेऊन जातेस, आता पुन्हा वकील. तो माझ्या दंडाकडे बघत राहिला. मग तिला खाली गाडीत बसायला पाठवलं आणि म्हणाला, “मला पुण्याला पोस्टिंग मिळतंय. तीन वर्षांसाठी. तिला घेऊन जाऊ. तूही ये. शाळेचं मी बघतो. तुला हेच हवं होतं ना?”

“तिला विचारलंस?”

“तिला कसं वाटेल ते बघू. तू हो म्हणालीस तर तिला दोघं मिळून सांगू.”

इतकी वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते. मी म्हटलं, “मला थोडा वेळ दे.” तो चक्रावला. म्हणाला, “आईंना सांग तरी.” मी हो म्हणून मान हलवली. तो गेल्यावर मी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. काल सकाळी दुखऱ्या अंगानं पुन्हा आल्बवर गेले आणि वारा पडेपर्यंत तिथेच होते.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, कॉलनीही पाडली म्हणतात. म्हणून तुम्हालाच सांगता येतं. त्याला वेळ मागताना मी मुलीचा विचार करत नव्हते, आईचाही नाही. तो बोलत होता आणि मी त्याच्या खांद्यावरून रस्त्यापलीकडच्या झाडांचे शेंडे कुठल्या बाजूला वाकतायत, म्हणजे उद्या आल्बवर वारा कसा असेल, ते बघत होते. आईला मी अजून फोन केलेला नाही.