इंग्रजी येत असल्याचा पुरावा

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
कॅनडाहून पत्र. पीएच.डी.चा प्रवेश मंजूर, स्कॉलरशिपसकट. फक्त एक अट: इंग्रजी येत असल्याचा पुरावा द्या. परीक्षेच्या चारही भागांत नऊपैकी किमान सात. मुदत ३१ मार्च.
मी, न्सिकाक एटुक, एम.ए. इंग्रजी, सुवर्णपदक. नायजेरियात, उयोच्या पॉलिटेक्निकमध्ये अकरा वर्षं इंग्रजीच शिकवतोय. आईशी मातृभाषेत, इबिबिओत भांडतो, पण पश्चात्ताप इंग्रजीत करतो. आणि यांना पुरावा हवा!
देणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

५ फेब्रुवारी
निषेधपत्र पाठवलं. अकरा पानं, तळटीपा एकोणतीस. बायकोला, इडाराला, वाचून दाखवलं. ती सरकारी इस्पितळात फार्मासिस्ट आहे. चौथ्या पानावर म्हणाली, "एवढ्या वेळात निम्मा अभ्यास झाला असता." औषधं मोजणाऱ्या माणसाला तत्त्वं कशी कळणार? लिहून ठेवतो, बोललो नाही.

९ फेब्रुवारी
उत्तर आलं. दोन ओळी. दुसऱ्या ओळीत परीक्षेची लिंक. एक स्वल्पविराम चुकलाय. हादरलेत.

१० फेब्रुवारी
परीक्षेला नाव नोंदवलं. ही माघार नव्हे. शत्रूच्या गोटात शिरणं आहे.

१७ फेब्रुवारी
एकॉन भेटला. माझाच जुना विद्यार्थी, आता याच परीक्षेचा क्लास चालवतो. म्हणाला, "सर, या ना एक दिवस. युक्त्या सांगतो." मी म्हटलं, "तुझे अव्ययांचे घोळ मी निस्तरलेत, एकॉन." तो म्हणाला, "म्हणून तर सांगतोय सर. निबंध अडीचशे शब्दांचा म्हणजे अडीचशेचाच. वेळ पळतो." मुलगा भला आहे. पण विचारांत खोली नाही.

२६ फेब्रुवारी
सरावाचं पुस्तक आणलं. पहिल्या बारा पानांत सहा ठिकाणी भाषा गचाळ. लाल पेनाने सुधारली. तेराव्या पानापासून उद्या.

४ मार्च
पुस्तक सापडेना. इडाराकडे होतं. भाजीसाठी अफांगची पानं चिरता चिरता स्वतःशी मोठ्याने उत्तरं देत होती. माझी तयारी करून घ्यायची असणार, पण विचारायला संकोचत असेल. भरून आलं. पुस्तक तिच्याकडेच राहू दिलं.

१४ मार्च, पहाटे
परीक्षेसाठी पोर्ट हारकोर्टच्या बसमध्ये. इडाराही आलीय, मला धीर द्यायला. रजासुद्धा काढली बिचारीने. लेकीला, एमेमला, आजीकडे ठेवलंय.

तोच दिवस, संध्याकाळ
दणाणून सोडलं.
ऐकणे: रेकॉर्डिंगमधली बाई पोहण्याचा क्लास लावत होती. तिच्या व्याकरणाच्या तीन चुका मी समासात टिपल्या. तेवढ्यात चार प्रश्न निघून गेले. दोष तिचा.
लेखन: 'शहरात मोटारी कमी कराव्यात का?' प्रश्नच मुळात उथळ. तो उथळ का, हे सिद्ध करायला साडेआठशे शब्द लागले. दुसऱ्या प्रश्नात एक आलेख होता. त्याचं शीर्षक लिहून झालं.
बोलणे: समोरच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या गावाबद्दल सांगा." मी नम्रपणे विचारलं, "माझ्या गावाचा माझ्या इंग्रजीशी संबंध काय?" त्या नुसत्या लिहीत राहिल्या. निरुत्तर!
इडारा सकाळी दुसऱ्या रांगेतून आत गेली होती. सोबत आलेल्यांची सोय आत केली असावी. बाहेर आली ती थकलेली. बसून राहणंही सोपं नसतं.

२७ मार्च, दुपारी दोन
निकाल. वाचन ८. ऐकणे ६. बोलणे ६. लेखन ५.
पुनर्तपासणीचा अर्ज करणार. पाच हा माझ्या लेखनाचा गुण नाही, त्यांच्या वाचनाचा आहे.

दुपारी तीन
इडाराचाही निकाल आलाय. सगळीकडे साडेसात, बोलण्यात आठ. मी विचारलं, "तू कधी दिलीस?" ती म्हणाली, "तुझ्या मागच्या बाकावर बसून. तू एकदाही वळला नाहीस."
तिनेही त्याच विद्यापीठात सार्वजनिक आरोग्यासाठी अर्ज केलाय. गेल्या वर्षीच. मी म्हटलं, "सांगायचं नाही?" म्हणाली, "तीनदा सांगितलं. तू तळटीपा लिहीत होतास."

१ एप्रिल
मुदत संपली. माझी जागा गेली. विद्यापीठाचं नुकसान किती, हे काळच ठरवील. आज जेवलो नाही. इडाराने ताट झाकून ठेवलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

२० एप्रिल, सकाळ
इडाराचा प्रवेश झाला, स्कॉलरशिपसह. आम्ही तिघंही जाणार. व्हिसाचे फॉर्म भरतोय. माझ्या फॉर्मवर: नातं, पती. प्रकार, अवलंबित.
मी विचारलं, "माझ्या इंग्रजीच्या पुराव्याचं काय?"
"अवलंबितांना लागत नाही," ती म्हणाली.
म्हणजे शेवटी मान्य केलंच त्यांनी! मला परीक्षेची गरज नाही, हे फेब्रुवारीतच अकरा पानांत लिहिलं होतं. झोकात सही ठोकली.
इडाराने फॉर्म बघितला. तारखेच्या रकान्यात सही, सहीच्या रकान्यात एमेमचं नाव. तिने कोरा फॉर्म पुढे ठेवला आणि शेजारची खुर्ची ओढून बसली.
"आधी सूचना वाच," म्हणाली. "मोठ्याने."
वाचल्या.