सीलच्या आतली मोटर

२ ऑक्टोबर, दसरा
घरघंटी घेतली. बायकोच्या, उज्वलाच्या बचतीतून, पण निवड माझी. दिवाळीची भाजणी नि बेसन दळायच्या अकरा घरच्या ऑर्डरी तिने आधीच घेतल्यात. तिचा पहिलाच धंदा. दोन वर्षांची वॉरंटी सांगताना दुकानदार हसत होता. हसायचं काय कारण? लातुरात आडतीवर एकवीस वर्षं मुनीम आहे. मला फसवणारा जन्माला यायचाय.

३ ऑक्टोबर
वॉरंटी कार्ड भिंग लावून वाचलं. 'कंपनीचा निर्णय अंतिम राहील.' म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! मागच्या झाकणावर कागदी सील. ते काढलं की वॉरंटी रद्द. लपवायचं काही नसेल तर सील कशाला?

५ ऑक्टोबर, रविवार
आडतीवरचा हमाल पंचाक्षरी सांगतो, सर्व्हिसवाले नवी मोटर काढून जुनी बसवतात. वाटलंच होतं. धान्याचे कट्टे बदलू नयेत म्हणून आम्ही प्रत्येक कट्ट्यावर खूण करतो. इथेही तेच करायचं. उज्वला म्हणाली, चांगली चालू हाय, कशाला हात लावायलात? बाईमाणूस भोळं असतं.

दुपारी ३
उज्वला बचत गटाच्या मीटिंगला. सील ओल्या फडक्याने अलगद काढलं. मोटर, पट्टा, वायरी, सगळीकडे मार्करने सही केली, तारखेसह. आत सगळं नवंकोरं. इतकं नवं कसं, याचाही जरा संशय आला. सील परत चिकटवलं. किंचित तिरपं बसलं.

११ ऑक्टोबर
चार घरची भाजणी पोचली. उज्वला दळताना गुणगुणते. किती दिवसांनी!

१३ ऑक्टोबर
घरघंटी बंद. नुसती गुरगुरते. सात घरचं धान्य पडून. उज्वला रडकुंडीला आली. मी शांत. कंपनीची परीक्षा होऊन जाऊ दे. कस्टमर केअरची बाई फारच गोड बोलली. तिचं नाव लिहून ठेवलं.

१५ ऑक्टोबर
मेकॅनिक आला. शरणप्पा, उदगीरचा. खुर्ची टाकून समोरच बसलो. आवाज ऐकूनच म्हणाला, मोटर कंपनीतूनच कच्ची आलीय, ह्या मालाचं लई ठिकाणी असंच झालंय. नवी सोबत आणलीय, फ्री हाय, अर्ध्या तासात चालू. उज्वलाचा चेहरा खुलला. मग त्याने झाकण उघडलं. टॉर्च लावून आत बघितलं. विचारलं, काका, ह्या सह्या कुणाच्या? म्हटलं, माझ्या. तारखाही बघून घे.
त्याने फोटो काढले. नवी मोटर परत खोक्यात भरली. फॉर्मवर लिहिलं, 'ग्राहकाने सील काढले.' खाली माझी सही घेतली. वॉरंटी गेली. मोटर आता विकत, तीही दिवाळीनंतर.

१६ ऑक्टोबर
ग्राहक मंचात जाणार. आतल्या सह्या खोट्या आहेत, असं म्हणता येईल. उज्वलाला साक्षीदार हो म्हटलं. ती म्हणाली, मी खरं सांगीन. साक्षीदार बदलावा लागेल.

१७ ऑक्टोबर
उज्वला ऑटोने सात घरी धान्य परत देऊन आली. कंपनीने कसं फसवलं ते सगळीकडे नीट सांगितलंस ना, म्हणून विचारलं. म्हणाली, न्हाई. सील कुणी काढलं तेच सांगितलं.
लग्नाला अठरा वर्षं झाली. लाजेने तिने कधी चारचौघांत माझं नाव घेतलं नव्हतं. आज सात घरी घेतलं.