शिबिराच्या फॉर्मवरचा अंगठा

आये, आज तुझी आठवण एका अंगठ्यामुळं आली. तू जाऊन बारा वर्षं झाली, आणि मी जव्हारच्या आश्रमशाळेत नववीच्या पोरींना विज्ञान शिकवते, म्हणजे दिवसभर ओरडते. यंदा विद्यापीठाचं उन्हाळी शिबिर निघालंय, हायस्कूलच्या मुलांसाठी. मे महिन्यात पंधरा दिवस. राहणं, जेवण, शिकणं सगळं फुकट. माझ्या वर्गातल्या वांगणीच्या एका पोरीनं अर्ज भरला. ‘तुम्हाला काय शिकायचं आहे?’ असा प्रश्न होता, तर बाकीच्या पोरींनी डॉक्टर, कलेक्टर लिहिलं आणि हिनं लिहिलं, ‘राब भाजल्यावर, म्हणजे वाफ्यावर फांद्या-पालापाचोळा रचून जाळल्यावर, त्या जागेत भाताचं रोप जोमानं का येतं, मातीच्या आत काय होतं, ते मला बघायचं आहे.’ मी ते वाचलं आणि म्हटलं, बाई गं, ही पोर गेलीच पाहिजे. फक्त पालकांच्या संमतीचा कागद राहिला होता. गेल्या रविवारी घरी जाऊन ती तो घेऊन आली. बाप भिवंडीकडं कामाला, म्हणून आईचा अंगठा. परवा सोमवारी कागद ऑनलाइन चढवायची शेवटची मुदत.

मी कागद हातात घेतला आणि बघतच राहिले. अंगठा कसा उमटलेला, तर रेष न् रेष मोजून घ्यावी. नाचणी लावणाऱ्या, लाकडं फोडणाऱ्या, शेणानं सारवणाऱ्या बाईचा अंगठा असा उमटतो होय? तुझा कुठं उमटायचा! मी पोरीला विचारलं, “आईनं दिलाय ना?” “हो मॅडम.” आणि लगेच तिनं हात पाठीमागं नेला. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. मी कागद घरी आणून टेबलाच्या खणात ठेवला.

कारण मी नववीत असताना असंच एक शिबिर आलं होतं, तुला आठवतं ना. आपल्या पोशेऱ्यातून मी एकटी निवडली गेले होते. बा वीटभट्टीवर. शाळेत गुरुजींनी विचारलं, घरी सही कोण करेल? मी म्हटलं, आई अंगठेबहाद्दर आहे. कागद घरी आणला, तू रानात राबासाठी पाल्याचे टहाळ तोडायला गेली होतीस, आणि मी दौतीत स्वतःचा अंगठा बुडवून दाबला. निघायच्या सकाळी तुला सांगितलं, शाळेनं पाठवलंय, जावंच लागतं. तू भाकऱ्या बांधून दिल्यास. राब भाजायला दोन माणसं लागतात, एकानं पेटवायचं आणि दुसऱ्यानं ओल्या पाल्याचा टहाळा घेऊन जाळ आवरायचा. टहाळा दरसाल माझ्या हातात असायचा. त्या साली तू दोन्ही कामं एकटीनं केलीस.

मी परत येते तेव्हा तू चुलीपुढं बसली आहेस, नाचणीची भाकर थापते आहेस. उजव्या हाताला कोपरापर्यंत फोड आहेत. मी दुर्बिणीतून पाहिलेल्या चंद्राचं सांगत सुटले आहे आणि तू हां हां करते आहेस. मग मध्येच विचारतेस, “कागदावर घरच्याची सही लागली असंल ना गे?” “लागली.” “मंग?” “अंगठा दिला.” “कोणाचा?” मी अंगठा मुठीत झाकते. तू चुलीमागच्या भिंतीकडं बघतेस. तिथं कोळशानं तुझं नाव लिहिलेलं असतं, वाकडंतिकडं, दहा-बारा वेळा. साक्षरतेच्या वर्गात जाऊन तू सही शिकत होतीस आणि मला तो पोरखेळ वाटायचा. तू भाकर उलटलीस आणि म्हणालीस, “मी शिकली व्हती ना गे.” बस्, तेवढंच. चार रट्टे घातले असतेस तर बरं झालं असतं.

नंतर तू तो विषय काढला नाहीस, एकदाच काढलास, तेही हसत. आधारच्या कॅम्पात तुझा अंगठा मशीन घेईना. तिथला मुलगा वैतागून म्हणाला, “मावशी, तुमच्या अंगठ्याला रेषाच नाहीत!” तू म्हणालीस, “नसतील. माझा अंगठा पोरीनं नेला, शिबिराला.” सगळे हसले. मी पण हसले, आणि बाहेर जाऊन रडले. पुढच्याच साली तू गेलीस.

तर आज शनिवार, शाळा सुटल्यावर मी संमतीचा दुसरा, कोरा कागद घेतला, पोरीला स्कूटरवर मागं बसवलं आणि वांगणी गाठली. वाटेत मी मनाशी हिशेब करत होते. खणातला कागद चढवला असता तर पोर गेली असती. आता आई नाही म्हणाली तर मीच तिचा घात केला असं झालं असतं. पोरीची आई अंगणात टहाळ रचत होती. मी सगळं सांगितलं, खोट्या अंगठ्यासकट. ती पोरीला म्हणाली, “मला इचारायला काय तोंड नव्हतं?” हातातला टहाळ ढिगावर टाकला. मग मला, “तितं पोटभर जेवाया देतील ना?” मी हो म्हटलं. “जाऊंदे मंग. हे पोर तं राबावर पण नुसतं माती उकरून बघत बसतं. पण जाळाला दुसरा माणूस पायजे, मॅडम.” मी म्हटलं, “मी येते. मला सुट्टीच आहे.” ती पदर तोंडाला लावून हसली. “तुमाला जमंल?” “टहाळा माझ्याच हातात असायचा,” मी म्हटलं.

तिनं अंगठा दिला. नुसता निळा डाग, एक रेष दिसेल तर शपथ. पोर घाबरून म्हणाली, “मॅडम, हा चालेल का?” मी म्हटलं, “हाच चालेल.” घरी आल्याआल्या कागद चढवला. निवड होते की नाही, ते पुढच्या महिन्यात कळेल.

खणातला तो खोटा कागद फाडवेना, म्हणून त्याच्याच पाठीवर तुला लिहायला घेतलं, आणि जागा संपली तशी वहीत. दोन्ही पुन्हा खणात जातील. फक्त एक सांगते, आये. मी आजवर सगळ्यांना सांगत आले, नवऱ्यालासुद्धा, की तू नाही म्हणशील या भीतीनं मी तो अंगठा दिला. खोटं आहे ते. तू हो म्हणशील हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. तू हो म्हणाली असतीस, आणि मग तुला जाळापुढं एकटी सोडून माझा पाय निघाला नसता. आणि मला तर जायचंच होतं.